सत्तावीस नंबरचा बिल्ला

१

मुकुंदला मोजायची खोड होती. जिना चढताना पायऱ्या, सिग्नलला पुढे थांबलेल्या दुचाक्या, लग्नात पंगतीतली पानं, जे समोर येईल ते. त्यातून माणसांचा घोळका दिसला की विचारूच नका. उजव्या हाताची तर्जनी मांडीजवळ आपोआप हलायला लागायची आणि शेवटी तोंडातून हळूच "ओके" बाहेर पडायचं. गेल्या वर्षी भाच्याच्या मुंजीत ते इतक्या जोरात निघालं की गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. नीलिमा आठ दिवस हसत होती.

"कंपनीनं तुम्हाला सोडलं, आता तुम्ही कंपनीला सोडा," असं ती येताजाता म्हणायची. तिला बिचारीला काय ठाऊक!

निवृत्त होऊन अकरा महिने झाले होते. वाकडच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा गृहस्थ सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालायचा. पेपर उघडायचा, मिटायचा. टीव्ही लावायचा, बंद करायचा. झोपेचंही तेच. नीलिमा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, तिचे हात कायम कशात तरी गुंतलेले. नवऱ्याला एका जागी बसवत का नाही, हे तिला उमगत नव्हतं. साखर तपासून झाली, थायरॉइड तपासून झालं. रिपोर्ट सगळे छान.

डिसेंबरातल्या एका रविवारी तिने फर्मान काढलं. चाकणच्या अलीकडे, इंद्रायणीच्या काठावर एका मुलीने उघड्यावर शिल्पांचं प्रदर्शन मांडलं होतं.

"परदेशात समुद्रकिनाऱ्यावर असं मांडतात म्हणे. आपल्याकडे समुद्र नाही, पण नदी तर आहे," ती म्हणाली.

"नदी कसली, नुसता फेस आहे."

"मग फेस बघू. उठा."

चाकणच्या रस्त्याचं नाव निघालं की मुकुंद एरवी काहीतरी निमित्त काढायचा. त्या दिवशी त्याला निमित्त सुचलं नाही. अकराच्या सुमारास दोघं निघाली.

२

डांबरी रस्ता सोडून गाडी मातीच्या वाटेला लागली आणि एका बाभळीखाली वाट संपली. तिथे तारेचं फाटक होतं. फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर टोपीवाला म्हातारा बसला होता, आणि त्याच्या मागे खिळे ठोकलेली एक प्लायची फळी होती. जमीन त्याचीच. भिमाजी त्याचं नाव. शिल्पं करणारी तनुजा ही त्याची पुतणी.

"या सायेब, या बाई. ह्यो येकयेक बिल्ला घ्या. भाईर जाताना हितं खिळ्याला अडकवायचा. मागल्या रईवारी येक पाव्हना घसरला न्हवं का पान्यात! तवापासनं मोजून आत, मोजून भाईर. फळी भरली की समजायचं, समदी गेली."

बिल्ला हातात पडला आणि मुकुंदने तो उन्हात धरून पाहिला. पितळी, जुन्या रुपयाएवढा, वर ठोकलेला आकडा. आकड्याभोवती दातेरी चक्राचं चिन्ह. हे त्याच्याच कंपनीचे बिल्ले होते.

"पोरीनं भंगारातनं दारं आनली ना, त्यांच्यासंगं पोतंभर हेबी आलं," भिमाजी म्हणाला.

मुकुंदच्या हातात नऊ नंबर आला होता. नीलिमाने आपला उलटवून पाहिला. सत्तावीस.

"हिला दुसरा द्या ना," मुकुंद एकदम बोलून गेला.

"का वो?"

"सहज."

"अहो, बिल्लाच आहे तो, साडी नव्हे, बदलून घ्यायला," नीलिमा हसली आणि बिल्ला कुर्त्याच्या खिशात टाकून पुढे झाली. तिच्या एका हातात चित्रांची वही होती. फोन तिने मुकुंदच्या हवाली केला होता.

सत्तावीस नंबर किसनचा होता. हे जगात आता बहुधा दोघांनाच माहीत होतं, मुकुंदला आणि किसनच्या बायकोला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवणारा तो कारखाना, आणि मुकुंद तिथे शिफ्टचा सुपरवायझर. लॉकरचा नंबर तोच बिल्ल्याचा; आत जाताना कामगाराने फळीवरून आपला बिल्ला घ्यायचा, सुटताना परत लावायचा. कंत्राटी माणसाने सलग दोन शिफ्ट करायच्या नाहीत असा नियम होता, आणि तो मोडायची सगळ्यांनी ठरवलेली एक सोपी रीत होती. बिल्ला लावून टाकायचा, माणूस आतच ठेवायचा. कागदावर तो घरी गेलेला असायचा. त्या दिवशी माल अर्जंट होता. मुकुंदच किसनला म्हणाला, "आज डबल मार. बिल्ला मी लावतो." आणि त्याने स्वतःच्या हाताने तो खिळ्याला अडकवला.

चारला आग लागली. सगळे पटांगणात जमले. मुकुंदने बोट हलवत माणसं मोजली, यादीशी ताडली. एकेचाळीस पैकी एकेचाळीस. "हेडकाउंट ओके," तो ओरडला. आत कोणी नाही म्हटल्यावर अग्निशमनवाल्यांनी बाहेरूनच पाणी मारायला घेतलं.

पाच मिनिटांनी त्याला किसन आठवला. त्यानंतर आणखी पाच मिनिटं तो गप्प उभा राहिला. मग बोलायची वेळ निघून गेली. चौकशीतही तो बोलला नाही. फळीवर बिल्ला होता, म्हणजे किसन घरी गेला होता. तरीही आत जळून मेलेला सापडला, म्हणजे मागून परत शिरला असणार. कागदावर आलं, "चोरीच्या उद्देशाने." तळेगावच्या त्यांच्या गल्लीत किसनच्या बायकोला, जयमालाला, तेव्हापासून चोराची बायको म्हणतात. हे मुकुंदला कळलं होतं, कारण तो दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला होता.

नीलिमाला ह्यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिच्या लेखी कारखान्यात आग लागली होती, आणि तिच्या नवऱ्याने एकेचाळीस माणसं बाहेर काढली होती.

३

उतार संपला आणि काठ दिसला. पाण्यावर पांढऱ्या फेसाचे पुंजके हळूहळू सरकत होते. काठाला लागून, पायवाटेकडे पाठ करून, एका ओळीत माणसं उभी होती.

माणसं म्हणजे पत्र्याची. लॉकरची राखाडी दारं वाकवून, ठोकून, कुठे जोड देऊन केलेली. खांदे होते, पाठ होती, खाली सोडलेले हात होते. डोक्याच्या जागी पत्रा पुढे कलता केला होता, त्यामुळे सगळे मान खाली घालून पाण्याकडे बघताहेत असं वाटे. दारांना हवेसाठी असतात तशा आडव्या फटी प्रत्येकाच्या पाठीवर होत्या, आणि त्यांच्या वर पिवळ्या रंगात लॉकरचा नंबर.

"हजेरी," तनुजा म्हणाली. तिशीतली सडपातळ मुलगी, हाताला वेल्डिंगचे डाग. "ह्या कामाचं नाव हजेरी आहे, काका. बेचाळीस लॉकर होते. एकेचाळीस दारं मिळाली. एक नव्हतंच भंगारात. त्याची जागा मोकळी ठेवलीय, बघा, सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मधे."

"का ठेवली?" मुकुंदने विचारलं.

"जवळ जवळ उभे करून बघितले होते. बरं नाही दिसलं." ती जरा थांबली. "खरं सांगू? सकाळी आले की परत तेवढी फट पडलेली असायची. जमीन सरकत असेल. मग म्हटलं, राहू दे."

ती बाकीच्या पाहुण्यांना वर चहाला घेऊन गेली. नीलिमा त्या मोकळ्या जागेसमोर सिमेंटच्या बाकावर बसली आणि तिने वही उघडली.

"मी बसते इथं अर्धा तास. तुम्ही फिरा. मोजा काय मोजायचं ते."

ऊन चढत होतं. तापलेला पत्रा अधूनमधून टक करून वाजे, कधी ह्या टोकाला, कधी त्या टोकाला. वारा फटींतून जाताना हलका आवाज व्हायचा. पत्र्याला फटी आहेत, वारा आहे, आवाज होणारच, असं मुकुंदने स्वतःला बजावलं. पण तो आवाज एका लयीत येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

ओळीच्या टोकापर्यंत तो गेला. नको नको म्हणत असताना बोट हलायला लागलंच. एक, दोन, तीन. पाठीमागून पाठी मोजत तो पुढे सरकत गेला. सव्वीस नंबरची पाठ, मग जरा जास्त अंतर, मग अठ्ठावीस नंबरची. शेवटचा आला.

एकेचाळीस.

"ओके," त्याच्या तोंडून निघालं.

आणि पत्रा वाजायचा थांबला. वारा चालू होता, पलीकडच्या गवताचे तुरे हलताना दिसत होते. फटींतला आवाज मात्र बंद झाला होता. एकेचाळीस जणांनी श्वास रोखून धरावा इतकं ते अचानक झालं. मुकुंदने मागे वळून बाकाकडे पाहिलं.

बाकावर वही होती. नीलिमा नव्हती.

४

वहीत अर्धवट चित्र होतं. पेन्सिल पानातच पडलेली. ही बाई पेन्सिल कधी अशी टाकून जायची नाही. त्याने दोन हाका मारल्या. फोन लावायला गेला तर तो त्याच्याच खिशात वाजला. त्याने खाली पाण्याकडे पाहिलं. काठावरचा चिखल गुळगुळीत होता, पाऊल उमटलेलं नव्हतं. तेवढ्याने जिवात जीव आला. वर गेली असेल चहाला, दुसरं काय.

वर तनुजा दोन पाहुण्यांशी बोलत होती. काकू इकडे आल्याच नाहीत, ती म्हणाली. मुकुंद जवळजवळ पळतच फाटकाशी गेला.

"नीलिमा... माझी बायको बाहेर आली का?"

"व्हय की," भिमाजीने फळीकडे बोट केलं. "सत्तावीस नंबर आला."

बिल्ला खिळ्याला लटकत होता. अजून किंचित हलत होता.

"तिनं स्वतः लावला?"

"आवो, काय सायेब चेष्टा करता का? तुमीच न्हाई का आत्ता लावला? हितं हुबं ऱ्हाऊन. म्हनलात, बाई फुडं गेल्या."

"मी?"

"मग काय मी? ह्योच शर्ट, ह्योच चष्मा. लई घाईत व्हता तुमी."

मुकुंदने उजवा हात वर करून पाहिला. त्याने आपली बोटं नाकाशी नेली. पितळेचा वास येत होता. स्वतःचा नऊ नंबर चाळवला असेल खिशात, त्याचा असेल. पण नऊ नंबर डाव्या खिशात होता, आणि वास उजव्या हाताला येत होता.

तो गाडीशी गेला. गाडीला कुलूप, आत कोणी नाही. आणि मग त्याचं डोकं, चांगलं शिकलेलं, हिशोबी डोकं, कामाला लागलं. वडील शेवटी शेवटी विसरायचे, आपलंही तसंच होतंय. बिल्ला आपणच लावला असेल. नीलिमा रिक्षाने मोशीपर्यंत गेली असेल. चिडली असेल कशावरून तरी. फोन नाही जवळ, मग कळवणार कशी? आता पुन्हा खाली जाऊन काय मिळणार? पाच मिनिटं इथेच थांबावं, येईलच ती. पाच मिनिटांनी काय बिघडतंय?

पाच मिनिटं म्हटल्यावर त्याचा गाडीच्या दारावरचा हात खाली आला.

हे सगळं त्याला पाठ होतं. त्या दिवशी पटांगणात उभं राहून त्याने हेच केलं होतं. एकामागून एक शहाणी कारणं मनात येत होती, प्रत्येक कारण अगदी पटण्यासारखं होतं, आणि तेवढ्यात आत शेड पेटत होती. आपण किती भित्रे आहोत हे माणसाला एकदाच कळावं, पण मुकुंदला ते दुसऱ्यांदा कळत होतं.

"भिमाजी," तो परत येऊन म्हणाला, "तो बिल्ला खोटा आहे."

"आसं कसं? बिल्ला लागलाय की."

"बिल्ला लागलाय, पण माणूस आत आहे. चला माझ्याबरोबर."

५

उतारावरूनच त्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. भिमाजी मागून धापा टाकत येत होता. वीस. पंचवीस. सव्वीस.

मग सत्तावीस.

मधे मोकळी जागा राहिलेली नव्हती. तिथेही एक पाठ होती, राखाडी, ताठ, हात खाली सोडलेले, मान पाण्याकडे कललेली. सकाळी नीलिमाने हळदी रंगाचा कुर्ता घातला होता. इथे हळदी असं काहीच नव्हतं. मुकुंद पंधरा पावलांवर येऊन थांबला. त्यापुढे पाय उचलेना.

"नीलिमा!"

कोणी हललं नाही. भिमाजी मागेच थांबला.

मुकुंदने पुढची मोजणी पूर्ण केली. बेचाळीस. जागा भरली होती, मोजणी जुळली होती, आणि घशातून तो शब्द वर यायला लागला. सहा वर्षं दिवसातून दहादा तोंडातून निघणारा तो दीडदमडीचा शब्द. आता तो निघाला की संपलं, एवढं त्याला समजलं. कसं समजलं ते विचारू नका. त्याने दात घट्ट आवळले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग तो ओरडला, त्या दिवशी पटांगणात ओरडला होता तसाच.

"मोजणी चुकली! ओके नाही! आत माणूस आहे!"

नदीपलीकडून आवाज परत आला. समोरच्या पाठी तशाच.

"सत्तावीस नंबर आत आहे. किसन आत आहे. चोरी करायला नव्हता शिरला तो. मी थांबवलं होतं त्याला. बिल्ला मी लावला, माझ्या हातानं. मला पाच मिनिटांत आठवलं होतं, आणि मी बोललो नाही. माझी नोकरी जाईल म्हणून बोललो नाही!"

कुठेतरी पत्रा टक करून वाजला. मग दुसरा. मग ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटक सरकत गेली, आणि फटींतून एक लांब, मोठा उच्छ्वास बाहेर पडला. सत्तावीसच्या जागेवरचे खांदे सैल झाले. कुर्ता हळदी होता. तो हळदीच होता, आणि नीलिमा वळून त्याच्याकडे बघत होती.

"झालं मोजून?" तिने विचारलं. आवाज कोरडा होता.

"तू इथं काय करतेयस?" मुकुंदने तिला हाताला धरून बाहेर ओढलं. हात तापलेल्या पत्र्यासारखा कढत होता.

"चित्रासाठी जवळून बघायला गेले. तर शेजारचा म्हणाला, बाई, हलू नका. सायेबांचं मोजून झाल्याबिगर हलायचं नसतं. मी कवाचा हुबा हाय."

"कोण शेजारचा?"

"मी वळून बघितलं नाही," नीलिमा म्हणाली. "मला बघवलं नाही."

भिमाजीने टोपी काढून हातात घेतली होती. तो कोणाकडेच बघत नव्हता.

६

नीलिमा गाडीत बसली. बाकावरून आणलेली वही आणि गाडीतच ठेवलेली पर्स मांडीवर घेऊन समोर बघत राहिली. मुकुंद किल्ली चाचपत होता.

"मी सगळं ऐकलं," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या घरी कोण असतं?"

"बायको. जयमाला. तळेगावला."

"घर माहीत आहे?"

"गल्ली माहीत आहे."

"सहा वर्षं मी लोकांना सांगत फिरले, ह्यांनी एकेचाळीस माणसं वाचवली म्हणून." तिने वही मिटली. "आत्ता जायचं. जेवायच्या आधी. तिच्या दारात उभं राहून तुम्ही हेच बोलायचं, आणि मग जिथं लिहून द्यायचं असेल तिथं द्यायचं. मी बरोबर येते. पुढचं मला आज विचारू नका."

मुकुंदने मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचे हात कशासाठी चुळबुळत नव्हते. त्याने गाडी सुरू केली, मागे घेतली, आणि वळवून मातीच्या वाटेला लावली.

टिंग, टिंग, टिंग.

समोरच्या काचेखाली लाल दिवा लागला होता. नव्या गाड्यांत मागच्या सीटवर माणूस असेल आणि त्याने पट्टा लावला नसेल तर असा दिवा लागतो. मुकुंदने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. त्याने नीलिमाच्या मांडीकडे पाहिलं. पर्स तिथेच होती, वहीही. गाडीत दुसरं सामान नव्हतं.

त्याने गाडी बंद करून पुन्हा सुरू केली.

टिंग, टिंग, टिंग.

सेन्सर बिघडला असेल. ऊन लागून बिघडतात. डोकं परत कारणं काढायला लागलं होतं, पण ह्या वेळी मुकुंदने त्याचं ऐकलं नाही. नीलिमा समोरच बघत होती. तिने मान वळवली नाही, नुसती मुठीत पर्सचा बंद घट्ट धरला.

मुकुंद खाली उतरला. मागचं दार उघडलं. जळक्या रबराचा वास आला, फार नाही, थोडा. तो वाकला, पट्टा धरला आणि रिकाम्या सीटवरून पलीकडे ओढला. रिकाम्या सीटला लागतो त्याहून तो बराच जास्त ओढावा लागला. खटका बसला. पट्टा सीटला टेकला नाही. मधे वीतभर जागा ठेवून, कोणाच्या तरी छातीवरून गेल्यासारखा तसाच राहिला, आणि अगदी सावकाश वर-खाली होत राहिला.

टिंगटिंग थांबली.

"चल, किसन," मुकुंद म्हणाला. दार हळू लावून तो पुढे आला आणि त्याने गाडी तळेगावच्या रस्त्याला घेतली.